पिस्तुलावर ठिपका लावावा का?

नेमबाजी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, माझं वय ५३. क्लबमध्ये नियमित पिस्तूल चालवतो. २५ मीटरवर कागदी टार्गेट, आणि अधूनमधून क्लबच्या वेळ लावून होणाऱ्या स्पर्धा. दोन्हीकडे कोणतीही साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, चालते. गेल्या वर्षभरात फ्रंट साइट (नळीच्या टोकाजवळची नेमाची खूण) धुरकट दिसायला लागली आहे आणि ग्रुप (कागदावरचा छिद्रांचा पुंजका) फाकलाय. मित्राच्या पिस्तुलावरचा रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट, लावून पाहिला. आधी ठिपका सापडेचना. सापडला तेव्हा इतका थरथरत होता की हात आपलाच आहे ना, असं वाटलं. क्लबमधले एक ज्येष्ठ सांगतात, ठिपका म्हणजे कुबडी, एकदा धरली की सुटत नाही. दुसरे म्हणतात, लावा आणि पुन्हा तरुण व्हा. मी काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत, धुरकट साइट आणि फाकलेला ग्रुप. पहिलीमुळे दुसरी झाली असं तुम्ही धरून चालला आहात. बहुतेक तसंच असेल, पण ते तपासल्याशिवाय पिस्तुलाला हात लावू नका. ठिपका डोळ्याची अडचण सोडवतो. बोटाची अडचण तो सोडवत नाही.

तपासायचं असं. पुढच्या वेळी रेंजवर गेलात की मनगटाखाली वाळूची पिशवी घ्या आणि तुमच्या नेहमीच्याच साइटवर सावकाश पाच-पाच गोळ्यांचे दोन-तीन ग्रुप काढा. टेकून काढलेला ग्रुपही सगळीकडे पसरला, विशेषतः वर-खाली, तर डोळ्याला फ्रंट साइटची वरची कड नीट पकडता येत नाहीये. टेकून ग्रुप छान आला, आणि मोकळ्या हातानं गोळ्या पुन्हा पुन्हा खाली डावीकडे जात असतील (तुम्ही उजव्या हाताचे आहात असं धरते), तर तुम्ही ट्रिगर ओढताना झटका देताय. तसं असेल तर ठिपका लावूनही गोळ्या तिथंच जातील, फक्त जाताना जास्त स्पष्ट दिसतील.

दुसरी पायरी डोळ्यांचे डॉक्टर. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळचं स्पष्ट दिसेनासं होतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आपली पंचाईत अशी की फ्रंट साइट ना जवळ असते ना लांब. हात ताणून पिस्तूल धरलं की ती डोळ्यापासून साधारण ६० ते ७० सेंटीमीटरवर येते. वाचायचा चष्मा त्याहून जवळच्या अंतरासाठी बनवलेला असतो, म्हणून तो लावून नेम धरला तर साइट काहीशी सुधारते पण टार्गेट विरघळून जातं. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर साइट स्पष्ट करण्यासाठी तुम्ही नकळत मान मागं टाकता, आणि मान गेली की खांदे जातात. म्हणून डोळ्यापासून फ्रंट साइटपर्यंतचं अंतर कुणाकडून तरी टेपनं मोजून घ्या, ते कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या, आणि नेमबाजीसाठी वेगळा चष्मा मागा. लांबच्या नंबरात अर्धा ते पाऊण नंबर अधिक केला की पुष्कळांना साइटची कड पुन्हा धारदार दिसते आणि टार्गेटही ओळखू येण्याइतकं उरतं. काच पॉलीकार्बोनेटची, आघात सोसणारी घ्या. या तपासणीत मोतीबिंदूची सुरुवात किंवा आणखी काही निघालं तर ते वेळेवर कळलेलं बरं. धुरकट दिसणं म्हणजे दर वेळी नुसतं वय नसतं.

या चष्म्यानं काम झालं तर तुम्हाला ठिपक्याची गरज नाही. आवड म्हणून लावा हवं तर. पण चष्म्यानंही कड स्पष्ट झाली नाही, किंवा स्पष्ट होते पण वेळेच्या स्पर्धेत डोळा टार्गेट, साइट, टार्गेट असा पळून दमतो, तर माझं मत सरळ आहे : लावा. तुमच्या दोन्ही स्पर्धांत तो चालतो, मग वाट कशाची पाहायची?

का लावा, हे आकड्यांत सांगते, कारण या गोष्टीवर वाद खूप होतात आणि हिशेब कुणी करत नाही. साध्या पिस्तुलाच्या फ्रंट आणि रिअर (मागच्या, खाचेच्या) साइटमधलं अंतर साधारण १६ सेंटीमीटर असतं. रिअर साइटच्या खाचेत फ्रंट साइट फक्त अर्धा मिलिमीटर बाजूला सरकली, तर २५ मीटरवर गोळी जवळपास ८ सेंटीमीटर सरकते. २५ मीटरच्या आंतरराष्ट्रीय प्रिसिजन टार्गेटवर दहाचं (मधलं, दहा गुणांचं) वर्तुळ ५ सेंटीमीटर व्यासाचं असतं. म्हणजे मधोमध नेम धरूनही त्या अर्ध्या मिलिमीटरनं तुम्ही सात-आठच्या रेषेवर गेलात. धुरकट साइटवर अर्धा मिलिमीटर दिसणार कसा?

ठिपक्याचं वेगळं आहे. आत एक बारीक एलईडी असतो. त्याचा प्रकाश समोरच्या वक्र, लेप दिलेल्या काचेवरून उलटून तुमच्या डोळ्याकडे समांतर किरणांत येतो. रात्री गाडीच्या खिडकीत आतला दिवा बाहेर अंधारात तरंगताना दिसतो ना, तसा हा ठिपका दूर टार्गेटपाशी दिसतो. टार्गेटवर प्रत्यक्षात काहीच पडत नाही. हा लेसर नव्हे, हे मी दर वर्गात सांगते. डोळ्याला जुळवायच्या गोष्टी तीनवरून दोनवर येतात, आणि त्या दोन्ही एकाच अंतरावर स्पष्ट असतात. ठिपका काचेच्या मधोमध नसून कडेला असला तरी चांगल्या बनावटीच्या साइटमध्ये चूक होऊन होऊन काचेच्या अर्ध्या रुंदीएवढी, म्हणजे सेंटीमीटरभर होते, आणि अंतर वाढलं म्हणून ती फारशी वाढत नाही. आता वरच्या ८ सेंटीमीटरशी ताडून पाहा. वय झालेल्या डोळ्यासाठी ठिपका चांगला, असं मी म्हणते ते याच कारणानं.

आता थरथर. तुमचा हात नेहमी जेवढा हलतो तेवढाच हलत होता. उघड्या, म्हणजे बिनकाचेच्या साध्या साइटवर तुम्ही फ्रंट साइटकडे पाहता, टार्गेट अंधूक असतं, त्यामुळे ते हलणं झाकलं जातं. ठिपक्यात टार्गेट स्पष्ट आणि त्याच्यावर लाल बिंदू नाचतोय, म्हणून सगळं उघडं पडतं. घाबरून माणूस काय करतो, तर ठिपका दहावर आला रे आला की ट्रिगर खेचतो. इथं पुष्कळ चांगले नेमबाज बिघडलेले मी पाहिलेत. ठिपक्याला हलू द्या. तो टार्गेटच्या काळ्या भागात स्वतःची एक जागा धरून फिरत राहील. त्या फिरण्याकडे बघत, बोटाचा दाब मात्र एकसारखा वाढवत न्या. उजेड कमी करा, ठिपका जेमतेम स्पष्ट दिसेल इतकाच ठेवा. भडक ठिपका मोठा दिसतो आणि जास्त नाचल्यासारखा वाटतो.

ठिपका सापडत नाही, याचं कारण बहुतेक वेळा नळीचं तोंड वर असणं. उघड्या साइटवर पिस्तूल वर येतानाच तुम्हाला फ्रंट साइट दिसते आणि तुम्ही वाटेतच मनगट सुधारता. ठिपका असं काही सांगत नाही. तो असतो किंवा नसतो. म्हणून ठिपक्यासोबत उंच उघड्या साइटही ठेवा, ज्या काचेतून खालच्या भागात दिसतील. ठिपका हरवला की फ्रंट साइट शोधा, ती रिअर साइटच्या खाचेत बसवा, ठिपका तिथंच वर उभा असेल. आणि शोधताना पिस्तूल गोल गोल फिरवू नका, तोंड थोडं खाली घ्या.

सवय घरी, ड्राय प्रॅक्टिसनं, म्हणजे गोळीशिवायच्या सरावानं, होते. मॅगझिन काढलेलं, चेंबर डोळ्यांनी आणि बोटानं तपासलेलं, गोळ्या दुसऱ्या खोलीत, तोंड सुरक्षित दिशेला. मग भिंतीवरच्या एका खुणेवर नजर रोवा, डोळे मिटा, पिस्तूल वर आणा, डोळे उघडा. ठिपका कुठं आहे? नसेल तर मनगट आणि पकड बदलून पुन्हा. नजर खुणेवरच राहिली पाहिजे, ठिपक्याला शोधत काचेत शिरता कामा नये. ही खोड मोडायला एक जुनी युक्ती आहे : काचेच्या पुढच्या बाजूला अपारदर्शक टेप चिकटवा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवा. एका डोळ्याला ठिपका दिसतो, दुसऱ्याला खूण, आणि मेंदू दोन्ही एकावर एक ठेवतो. रोज दहा मिनिटं, काही आठवडे. तोवर स्पर्धेत नव्या साइटवर उतरू नका. सुरुवातीला स्कोअर पडतो आणि मन खट्टू होतं.

कुबडीबद्दल. ज्येष्ठांचा मान ठेवून सांगते, हे मला पटत नाही. काचेतून उलटलेल्या खुणेनं नेम धरायची कल्पना आयर्लंडच्या हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली मांडली. ते दुर्बिणी बनवत. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांत अशाच साइट होत्या. स्वीडनच्या एमपॉइंटनं १९७५ मध्ये बॅटरीवर चालणारा ठिपका बाजारात आणला, आणि १९९० साली ॲडलेडला झालेली आयपीएससीची (वेगाच्या, प्रॅक्टिकल नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची) जागतिक स्पर्धा डग कोनिग यांनी ठिपका लावलेल्या पिस्तुलावर जिंकली. त्या स्पर्धेतले बाकीचे काही नवशिके नव्हते. ट्रिगर, पकड, श्वास, उभं राहणं हे सगळं ठिपक्यावरही तेवढंच लागतं. ज्येष्ठांचं एक मात्र खरं आहे : नुसत्या ठिपक्यावर राहिलात तर फ्रंट साइट धरायची सवय जाते. तुमच्याकडे उंच उघड्या साइट असतीलच, तर दर सरावात काही गोळ्या ठिपका बंद करून त्यांच्यावर मारा. बॅटरी कधीतरी स्पर्धेच्या मध्यावरच जाईल, तेव्हा हाताला ते ठाऊक हवं.

ठिपक्याचा आकार एमओए (मिनिट ऑफ अँगल) या कोनाच्या मापात देतात. १ एमओए म्हणजे २५ मीटरवर साधारण ७ मिलिमीटर. ३ एमओएचा ठिपका तिथं २ सेंटीमीटरहून थोडा जास्त झाकतो, ६ एमओएचा ४ सेंटीमीटरहून जास्त, म्हणजे जवळपास अख्खं दहाचं वर्तुळ. वेगाच्या स्पर्धेत मोठा पटकन दिसतो, कागदावर लहान बरा. तुम्ही दोन्ही करता, तर ३ च्या आसपासचा घ्या. झिरो, म्हणजे ठिपका आणि गोळी एका जागी जुळवणं, २५ मीटरवर करा. ठिपका सरकवणाऱ्या स्क्रूची एक क्लिक पुष्कळ मॉडेलमध्ये १ एमओए असते, पण पुस्तिकेत बघून घ्या. आणि लक्षात असू द्या, ठिपका नळीच्या दोन-तीन सेंटीमीटर वर बसतो, त्यामुळे तीन-चार मीटरवरच्या टार्गेटवर गोळी ठिपक्याच्या तेवढीच खाली लागेल. तिथं साइट बिघडली म्हणून क्लिक फिरवत बसू नका.

प्रश्न : मी नवीन रेड डॉट घेतला. सगळे म्हणतात गोल ठिपका दिसतो, मला मात्र स्वल्पविरामासारखा, कधी फुटलेल्या ताऱ्यासारखा दिसतो. दुकानदार म्हणतो साइट चांगली आहे. वय ३४, चष्मा नाही.

उत्तर : साइट अजून पिस्तुलावर बसवली नसेल तर उत्तमच, ती तशीच हातात घेऊन बघा. ठिपका मंद ठेवा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यानं काचेतून फोटो काढा. फोटोत तो गोल आला तर साइट चांगली आहे. मग साइट डोळ्यासमोर धरून हळूहळू आडवी फिरवा. स्वल्पविरामाची शेपटी साइटबरोबर फिरली तर दोष साइटमध्ये, साइट फिरूनही शेपटी आहे त्याच दिशेला राहिली तर दोष डोळ्यात. तिसरा पुरावा हवा असेल तर जाड कागदाला सुईनं छिद्र पाडा आणि त्यातून पाहा. ठिपका आवळून गोल झाला की शंका उरत नाही.

हा बहुतेक सिलिंड्रिकल नंबर आहे. बुबुळाच्या पुढचा पारदर्शक पडदा सगळीकडून सारखा गोल नसला की बारीक उजेडाची अशी शेपटी निघते. एरवी वाचताना, गाडी चालवताना थोडा नंबर जाणवत नाही, म्हणून आजवर तुम्हाला चष्मा लागला नसेल. रात्री समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे फाकलेले दिसतात का, हेही आठवून पाहा. डॉक्टरांकडे जा, नंबर काढा, चष्मा लावून ठिपका पुन्हा पाहा. मगच साइट ठेवायची की परत करायची ते ठरवा.

दरम्यान उजेड कमी केला तर शेपटी आखडते. काही जणांना लालपेक्षा हिरवा ठिपका स्वच्छ दिसतो, काहींना उलट. मित्राकडे असेल तर डोळा लावून बघा, विकत घेऊन बघू नका. शेपटी अगदीच गेली नाही तरी नेम धरता येतो, मात्र झिरो करताना आणि मारताना ठिपक्याचा तोच भाग, म्हणजे गच्च उजळ गाभा, टार्गेटवर ठेवायचा.

प्रश्न : माझी मुलगी १५ वर्षांची आहे, १० मीटर एअर पिस्तूल खेळते. तिच्या ग्रुपमधल्या एका मुलाच्या वडिलांनी सरावासाठी एअर पिस्तुलावर रेड डॉट बसवून दिलाय, त्यामुळे ट्रिगर लवकर सुधारतो म्हणे. मुलगी मागे लागली आहे. घेऊन देऊ का?

उत्तर : नको. तुम्ही आई म्हणून तिची हौस पुरवायला बघताय हे समजतं, पण हा खर्च इथं उपयोगाचा नाही. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांत पिस्तुलाच्या सगळ्या प्रकारांना फक्त उघड्या साइट चालतात. ठिपका, दुर्बीण, लेसर काहीच नाही. म्हणजे ती ज्या साइटवर सराव करेल ती स्पर्धेत तिच्या हातात नसेल.

त्या वडिलांच्या म्हणण्यात तथ्य आहे. झटका दिला की ठिपका उडी मारतो आणि मुलाला स्वतःची चूक डोळ्यांनी दिसते. पण ठिपका नजरेला टार्गेटवर ठेवायला शिकवतो, आणि एअर पिस्तुलात नेमकं उलटं हवं : नजर फ्रंट साइटवर, काळं वर्तुळ अंधूक. पंधराव्या वर्षी डोळा तरबेज असतो, सवय मात्र अजून मुरायची असते. ती कच्ची असताना दुसरी शिकवू नये. झटका दाखवायचाच तर टार्गेट काढून टाका आणि कोऱ्या पांढऱ्या कागदावर तिला ड्राय प्रॅक्टिस करू द्या. समोर काही नसलं की नजर आपोआप फ्रंट साइटवर येते, आणि ट्रिगर सुटताना साइट जराशी जरी हलली तरी तिला दिसते. प्रशिक्षकांना विचारून आठवड्यातले काही सराव असेच ठेवा.

तिला फ्रंट साइट धूसर दिसते असं ती कधी म्हणाली, तर मात्र लगेच डोळे तपासा. नेमबाजीच्या चष्म्यात नंबरची काच लावायला नियमांत परवानगी आहे.

प्रश्न : माझ्या पिस्तुलाच्या स्लाइडला (गोळी सुटल्यावर मागं-पुढं होणाऱ्या वरच्या भागाला) साइट बसवायची खाच नाही. रिअर साइट काढून तिच्या जागी बसणारा माउंट मिळतो. तो चालेल की स्लाइड कापून घेऊ? आणि देखभाल काय?

उत्तर : तो माउंट मला आवडत नाही. साइट फार उंच बसते, तुमची रिअर साइट जाते, आणि स्लाइड मागं-पुढं आपटताना सगळा धक्का त्या एका डोव्हटेलवर (रिअर साइट बसते त्या खाचेवर) येतो. रेंजवर दुपारभर खेळायला ठीक, स्पर्धेसाठी नाही. स्लाइड कापायची तर जाणत्या आर्मररकडूनच (शस्त्र दुरुस्त करणाऱ्याकडूनच), आणि आधी साइट ठरवून. प्रत्येक साइटचा तळ आणि स्क्रूच्या जागा वेगळ्या असतात, एकीसाठी कापलेल्या खाचेत दुसरी बसेलच असं नाही. कारखान्यातूनच खाच आणि प्लेट घेऊन आलेलं पिस्तूल मिळत असेल तर तोच मार्ग सोपा. साइटच्या वजनानं स्लाइडची चाल बदलते, म्हणून बसवल्यावर तुमच्या नेहमीच्या गोळ्या बिनअडथळा भरल्या आणि फेकल्या जातात का, हे आधी पाहा, ग्रुप नंतर.

स्क्रू कंपनीनं सांगितलेल्या टॉर्कवरच (पिळाच्या जोरावरच) आवळा. अंदाजानं पिळले तर ते तुटतात, आणि फार लांबीचा स्क्रू आतल्या भागांना अडकू शकतो. थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा डिंक) लावा, तो सुकू द्या, मग स्क्रूच्या डोक्यावरून साइटच्या अंगावर रंगाची एक बारीक रेघ ओढा. ग्रुप अचानक सरकला की पहिल्यांदा ती रेघ बघायची. पुष्कळदा उत्तर तिथंच मिळतं. एलईडी उघडा असलेल्या साइटमध्ये पाऊस, धूळ, कापडाचा धागा त्याच्यावर बसला की ठिपका फुटतो किंवा नाहीसा होतो. बाहेर, पावसाळी हवेत खेळत असाल तर दोन्ही बाजूंनी काच असलेली बंद साइट घ्या.

बॅटरी वर्षातून एकदा ठरलेल्या दिवशी बदला, ती संपायची वाट पाहू नका. जुनी बटण-बॅटरी टेपमध्ये गुंडाळून लगेच टाकून द्या, टेबलावर ठेवू नका. लहान मुलानं गिळली तर अन्ननलिका काही तासांत जळते. काही साइटमध्ये बॅटरी खालून घालतात, त्यासाठी साइट उतरवावी लागते. तुमची तशी असेल तर बदलल्यावर टॉर्क पुन्हा द्या, रेघ नवी ओढा, आणि स्पर्धेला जाण्याआधी २५ मीटरवर झिरो तपासून घ्या.